तटस्थता कोणासाठी?

आपल्या समाजातील पुष्कळ माणसे जिल्हा परिषदेत, नगरपालिकेत नोकरीला आहेत. शिक्षक, आरोग्यसेविका, कारकून, सफाई कामगार. या नोकरदारांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. खुर्चीवर बसल्यावर आपला पक्ष कोठे ठेवावयाचा?

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. मत द्या, पण राजकीय पक्षाचे काम करू नका, असे ते सांगतात. अनेकांना ही मुस्कटदाबी वाटते. 'मी नागरिक नाही काय?' हा त्यांचा सवाल खोटा नाही. ज्या समाजाचे शिकलेले लोक मुख्यतः नोकरीतच गेले, त्या समाजाचे तोंड या नियमाने अधिक बांधले जाते. कांशीराम यांनी १९७८ साली बामसेफ काढली ती कर्मचाऱ्यांची, म्हणून बिगर-राजकीय. लढ्यासाठी १९८१ साली डीएस-४ ही निराळी संघटना काढावी लागली.

पण टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या म्हातारीच्या बाजूने पाहा. तिला घरकुलाच्या यादीत नाव हवे आहे. तिच्या लेखी शासन म्हणजे मंत्रालय नव्हे, समोरचा कारकून. ही अमक्या पार्टीची, असे त्याच्या मनात आले की तिचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जातो. पैसेवाला फोन करून काम करून घेईल. हिला कायद्याखेरीज कोणी नाही. आता समजा, कारकून आपला आहे आणि म्हातारी आपल्या विरोधी पक्षाला मत देणारी आहे. तरीही? होय, कसोटी तेथेच आहे. पाटलाच्या चिठ्ठीवर नाव वर चढविणारा आणि आपल्या कार्यकर्त्याच्या चिठ्ठीवर चढविणारा, या दोघांत मला तरी फरक दिसत नाही.

काही चलाख लोक मात्र तटस्थतेचा अर्थ गप्प बसणे असा करतात. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावयाची असते. ती दुसरीकडे वळविली जात असता 'मला राजकारणात पडायचे नाही' म्हणून सही करणारा सचिव तटस्थ कसा? तो बळवंताच्या पक्षात केव्हाच सामील झाला. फाइलीवर दोन ओळींचा विरुद्ध अभिप्राय लिहिणे हे राजकारण नव्हे, ती नोकरीच होय. बुद्धघोषाने विसुद्धिमग्गात अजाणतेपणातून येणाऱ्या उदासीनतेला उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हटले आहे, कारण वरून दोन्ही सारख्याच दिसतात.

असा अभिप्राय लिहिणाऱ्यावर बदलीची तलवार टांगलेली असते. म्हणून तोंडी हुकूम लेखी मागून घ्यावा, आणि संघटनेने त्या माणसाच्या पाठीशी उभे राहावे. आपल्या कित्येक कर्मचारी संघटना मात्र वेतनश्रेणी आणि जयंतीची वर्गणी यांपलीकडे जावयास तयार नाहीत.