फोटो कुणाचा जपायचा?

आपल्या घरात आजोबांचा फोटो आहे काय? २ मार्च १९३० रोजी आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यात हजारो माणसे होती. बहुतेकांचे चेहरे आज आपल्याला ठाऊक नाहीत. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेचे सफाई कामगार वर्षानुवर्षे कॅमेऱ्यात टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कुणी विचारील, घाणीत उतरलेल्या माणसाचा फोटो काढणे ही त्याची अप्रतिष्ठा नव्हे काय? अप्रतिष्ठा त्याला तेथे उतरवण्यात आहे. झाकल्याने ती मिटत नाही. मात्र त्याची संमती हवीच. दुःख पाहिल्यावाचून त्याचे कारण कसे शोधणार?

म्हणून आजच घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फोटो काढा. मागे नाव, गाव, काम लिहा.