उत्सव आणि शेजारधर्म

उत्सव माणसांना एकत्र आणतो, हे विधान सहसा कोणी तपासून पाहत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मविषयक ग्रंथात त्याला तात्त्विक पाया मिळवून दिला. एरवी विखुरलेली माणसे विधीच्या निमित्ताने जमतात, परस्परांच्या सान्निध्याने त्यांच्यात एक सामूहिक उन्मेष निर्माण होतो आणि त्या उन्मेषात समूहाला आपल्या एकत्वाचा प्रत्यय येतो, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. मात्र दुर्खीमने हे विवेचन ज्या समाजाच्या आधारे केले, तो ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या कुळांचा समाज होता. परक्या समूहाच्या दारावरून मिरवणूक नेण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. महानगरात मात्र एकाचा उत्सव नेहमीच दुसऱ्याच्या खिडकीखाली होत असतो. समूहाला ‘आम्ही’ या जाणिवेचा प्रत्यय येत असताना त्या ‘आम्ही’बाहेरचा माणूसही तेथेच, हाताच्या अंतरावर, उभा असतो. त्याचे या उत्सवात स्थान कोणते, हा खरा नैतिक प्रश्न आहे. आणि उत्सवाच्या भव्यतेवरून किंवा त्यातील भक्तीच्या उत्कटतेवरून त्याचे उत्तर मिळत नाही.

मुंबई हे या प्रश्नाचे ठळक उदाहरण आहे. वांद्र्याच्या टेकडीवरील मोतमाउलीची जत्रा ८ सप्टेंबर या मेरीच्या जन्मदिनानंतरच्या रविवारपासून आठवडाभर चालते. तेथे मेणाचे हात, पाय, घरे वाहण्यासाठी येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेल्यांची संख्या मोठी असते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत होऊन गेलेले विद्वान सूफी मखदूम अली माहिमी यांच्या माहीम येथील दर्ग्यात डिसेंबरातील उरुसाच्या वेळी पहिली चादर चढवण्याचा मान मुंबई पोलिसांचा असतो, आणि ती घेऊन जाणाऱ्या पोलिसांत सर्व धर्मांची माणसे असतात. अशी उदाहरणे देऊन हा विषय बहुधा मिटवला जातो. जेथे सगळे सगळ्यांच्या सणांत जातात, तेथे प्रश्नच उरत नाही, असे गृहीत धरले जाते.

परंतु मोतमाउलीच्या पायऱ्या चढणारी हिंदू स्त्री तेथे कशासाठी जाते, याचा विचार केला तर हे समाधान अपुरे वाटू लागते. ती आपल्या नवसासाठी जाते. आपल्या पायांनी, आपल्या वेळी जाते आणि मेणबत्ती लावून आपल्या देवघराकडे परतते. तिच्या भक्तीइतकेच तिचे हे स्वातंत्र्य महत्त्वाचे आहे. न जाण्याची मुभा नसती, तर तिच्या जाण्याला काही मोल उरले नसते. म्हणून सहभाग हा सहजीवनाचा एक सुंदर परिणाम असला, तरी त्याची कसोटी होऊ शकत नाही.

हे अधिक स्पष्ट होण्यासाठी याच शहरातील उलट उदाहरण घ्यावे. चर्चगेटजवळची भिखा बेहरामची विहीर १७२५ सालची आहे. पारशी समाज तिला पवित्र मानतो आणि तिच्याभोवतीच्या प्रार्थनास्थळी झरथुष्ट्री नसलेल्यांना प्रवेश नसतो. आतषबेहरामांचा उंबरठाही इतरांना ओलांडता येत नाही. केवळ मोकळेपणा हाच निकष मानला, तर पारशांचे पर्व सर्वांत अनुदार ठरेल. प्रत्यक्षात या बंद दरवाज्यामुळे शेजारी दुखावल्याचे फारसे ऐकू येत नाही, कारण ज्याला आत घेतले जात नाही, त्याच्यापासून काही हिरावलेही जात नाही. त्याची झोप, त्याची वाट, त्याचे दुकान सारे जसेच्या तसे राहते. याउलट, ‘हा सर्वांचा उत्सव आहे’ असे जाहीर करून दारोदार वर्गणीची पावती फाडली जाते, तेव्हा वरकरणी कोणी वगळला जात नाही. परंतु पावती नाकारण्याची ज्याची हिंमत होत नाही, त्याच्या दृष्टीने वर्गणी आणि खंडणी यांतील अंतर नाहीसे झालेले असते. सर्वांना सामावून घेणारा उत्सव अन्यायकारक असू शकतो आणि परक्याला बाहेर ठेवणारा उत्सव निरुपद्रवी असू शकतो, ही गोष्ट सद्भावनेच्या भाषणांत विसरली जाते.

तेव्हा कसोटी दरवाज्यापाशी नसून रस्त्यावर आहे. रस्ता सर्वांचा असतो. मिरवणूक निघते, मंडप उभा राहतो, नमाजाची रांग मशिदीबाहेर येते, तेव्हा तो काही काळ एकाचा होतो. हा व्यवहार उसनवारीचा आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणण्याचे जे संकेत, तेच येथेही लागू पडतात. मागून घ्यावे, मोजून घ्यावे, वेळेवर परत करावे, आणि उद्या ती मागायला आली तर आपलाही डबा उघडावा. उसने मागणारा लाचार नसतो आणि देणारा उपकारकर्ताही नसतो, कारण त्यांच्या भूमिका पुनःपुन्हा बदलत असतात. मराठीत या संकेतांच्या समूहाला शेजारधर्म असे नाव आहे. तो पाळण्यासाठी शेजाऱ्याच्या देवावर श्रद्धा असावी लागत नाही. भिंत सामाईक असली की पुरे.

हा धर्म मोडल्यावर काय होते, हेही मुंबईच्या इतिहासात पाहायला मिळते. एकोणिसाव्या शतकात या शहरातील मोहरम हा केवळ मुसलमानांचा राहिला नव्हता. ताबुतांच्या मिरवणुकींत हिंदू मोठ्या संख्येने सामील होत. ऑगस्ट १८९३मध्ये शहरात हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा, मुंबईतील सर्वांत जुना मानला जाणारा सार्वजनिक गणेशोत्सवही १८९३चाच. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पसरत गेलेल्या या उत्सवाने स्वातंत्र्याच्या चळवळीला व्यासपीठ दिले आणि गिरणगावातील कामगाराला कलेची व संघटनेची जागा दिली, हे निर्विवाद आहे. मात्र त्याच काळात हिंदू ताबुतांपासून दूर गेले, हेही तितकेच खरे. मोहरमच्या मिरवणुकीत पुढे गल्ल्यागल्ल्यांमधील चुरस वाढली. १९११ साली गोळीबारापर्यंत मजल गेली आणि १९१२पासून पोलीस आयुक्त एडवर्ड्स याने घातलेल्या निर्बंधांनंतर ती जुनी मिरवणूक जवळजवळ संपुष्टात आली. उसनवारीचे संकेत शेजाऱ्यांनी सोडून दिले की रस्त्याचा हिशेब पोलीस ठेवू लागतात, आणि त्यांच्या वहीत फक्त परवाना व मनाई असे दोनच रकाने असतात.

याहून गंभीर अवस्था तेव्हा येते, जेव्हा उत्सवाचा रोखच बदलतो. डिसेंबर १९९२मध्ये, बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर उसळलेल्या दंगलींच्या पार्श्वभूमीवर, रस्त्यावरील नमाजाला उत्तर म्हणून मुंबईत जागोजागी महाआरत्या सुरू झाल्या. या महाआरत्यांनी तणावात भर घातली, अशी नोंद १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. आरतीचे शब्द तेच होते, तबकातील निरांजनही तेच. मात्र आरती ज्याला उद्देशून म्हणायची, तो देव बाजूला राहिला होता. ती समोरच्या वस्तीला ऐकवायची होती. हा दोष कोणा एका धर्माच्या माथी मारता येत नाही. मिरवणूक दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळासमोर येताच जिचा आवाज वाढतो, अशी प्रत्येक मिरवणूक आपला श्रोता कोण आहे हे स्वतःच सांगत असते. देवाला ऐकू यावे म्हणून आवाज वाढवावा लागत नाही, हे कोणत्याही धर्माच्या भाविकाला समजावून द्यावे लागू नये.

आवाजाबाबत कायद्याने काही मर्यादा आखल्या आहेत. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकांना मनाई केली, सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची तरतूद ठेवली, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही सक्तीचा श्रोता बनवता येणार नाही, हे तत्त्व अधोरेखित केले. हे आवश्यकच आहे. तरीही कायदा आवाज मोजतो. तो ऐकणाऱ्याचे मन मोजू शकत नाही. आणि त्या मनाचीही परीक्षा व्हायला हवी. दरवर्षी ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्यासाठी लाखो माणसे दादरच्या चैत्यभूमीकडे येतात. त्या दिवसांत गर्दी आणि अस्वच्छता यांविषयी कुरकुर करणारी काही घरे त्याच परिसरातील इतर मिरवणुकींची गर्दी कौतुकाने गॅलरीतून पाहत असतात. गैरसोय तेवढीच असते. ती कोणाकडून होते आहे, यावर तिचे वजन ठरते. आपल्या माणसांचा ढोल हा नाद आणि दुसऱ्यांचा ढोल हा गोंगाट, असा भेद करणारा कान केवळ शांततेचा चाहता आहे, असे म्हणता येणार नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. उत्सव म्हणजे मुळात नित्याची मर्यादा ओलांडणे. मोजून-मापून केलेला उत्सव हा उत्सवच नव्हे. या आक्षेपात तथ्य आहे. कोणाचीही तसूभर गैरसोय न करणारी मिरवणूक संभवत नाही, आणि तशी अपेक्षा धरणाऱ्याने महानगरात आपण एकटेच राहतो असे मानलेले असते. परंतु उसनवारीच्या कल्पनेत गैरसोय गृहीतच आहे. ज्याने काही सोसले नाही, त्याने काही दिलेही नाही. प्रश्न गैरसोय शून्यावर आणण्याचा नसून ती मागून घेतली जाते की लादली जाते, आणि तिचे ओझे आळीपाळीने वाहिले जाते की नेहमी एकाच खांद्यावर पडते, हा आहे.

या दृष्टीने अलीकडची एक घटना विचार करण्याजोगी आहे. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. मुंबईतील मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरवले आणि राज्य सरकारने ईदची सुट्टी २९ तारखेला दिली. पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. तेव्हाही मुंबईत ईदची सुट्टी १६ ऐवजी १८ तारखेला झाली. या समंजसपणाचे कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. तथापि, दिलेली वाटी कधीतरी परत जावी लागते. पुन्हा पुन्हा एकच शेजारी मागे सरत राहिला, तर त्याच्या औदार्याची हळूहळू रूढी बनते, आणि रूढीचे आभार कोणी मानत नाही. मग एखाद्या वर्षी त्याने मागे सरण्यास नकार दिला, तर तो हक्क बजावतो आहे असे न वाटता आगळीक करतो आहे असे वाटू लागते.

अशी परतफेड करण्याची संधी पंचांगच देत असते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने त्यातील सण सौर वर्षाच्या मानाने दरसाल सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. अधिक मासामुळे हिंदू सण आपापल्या ऋतूत राहतात. त्यामुळे ईद कधी गणपतीच्या शेजारी येते, कधी दिवाळीच्या, कधी होळीच्या. या गाठी कोणी ठरवलेल्या नसतात आणि कोणाला टाळताही येत नाहीत. त्या दिवशी रस्ता एकच असतो, आणि तो आधी कोणी मागावा व कोणी द्यावा, हे त्या त्या वर्षीच्या शेजाऱ्यांना नव्याने ठरवावे लागते.