दोन चिमण्या

(मत्तय 10:29)

शिष्यांना धीर देताना प्रभू येशूने बाजारातील एक अगदी हलका जिन्नस पुढे केला. ज्यांचे मोल एक दमडी, अशा दोन चिमण्यांपैकी एकही पित्यावाचून भूमीवर पडत नाही, असे त्याने शिकविले. हा पाठ वाचताना, आकाशातून पडलेल्या दोन तरुणांची आठवण आम्हांस होते.

त्यांपैकी एक जॉन गिलेस्पी मगी. त्याचा जन्म 1922 साली चीन देशात शांघाय येथे झाला. पिता अमेरिकन, माता इंग्रज; दोघेही मिशनकार्यासाठी चीनला गेलेली. 1937 च्या डिसेंबरात जपानी सैन्याने नानकिंग शहर घेऊन तेथे भयंकर कत्तल केली, तेव्हा पिता रेव्हरंड मगी शहर सोडून गेले नाहीत. निराश्रितांच्या व जखमींच्या साहाय्यासाठी ते झटले, आणि घडलेला अत्याचार जगाला कळावा म्हणून जिवावर उदार होऊन त्यांनी त्याची चित्रफीत घेतली. परक्यांच्या लेकरांसाठी हा मनुष्य असा उभा राहिला.

पुढे महायुद्धात त्यांचा मुलगा 1940 साली कॅनडाच्या वायुदलात दाखल झाला, कारण अमेरिका तेव्हा युद्धात उतरली नव्हती. विमान चालविण्यास शिकून तो 1941 साली इंग्लंडास गेला. उंच उडण्याचा आनंद त्याने चौदा ओळींच्या एका कवितेत लिहून आईबापांस पाठविला. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, 11 डिसेंबर 1941 रोजी, लिंकनशायर परगण्यात सरावाच्या उड्डाणात ढगांतून खाली येत असता त्याच्या स्पिटफायर विमानाची दुसऱ्या एका शिकाऊ विमानाशी टक्कर झाली. विमानाचे झाकण मागे सारून तो उभा राहिला व त्याने उडी टाकली, असे एका शेतकऱ्याने पाहिले. परंतु जमीन इतकी जवळ आली होती की हवाई छत्री उघडण्यास अवकाशच राहिला नाही. तो अवघा 19 वर्षांचा होता.

शत्रूची गोळी नाही, लढाई नाही; केवळ सराव! दुसऱ्यांची लेकरे वाचविणाऱ्या बापाचे लेकरू असे का जावे? बंधूंनो, अशा घरी जाऊन "देवाची इच्छा" एवढेच बोलून उठण्याची घाई आपण करू नये. चिमणी पडतच नाही, असे प्रभूने म्हटले नाही. ती का पडते, हेही त्याने येथे सांगितले नाही. ती पडते तेथे पिता असतो, एवढेच सांगितले. आणि शोक करणाऱ्याला धरून राहण्यास तेवढे पुरे आहे.

आता दुसऱ्या तरुणाकडे पाहा. त्या शिकाऊ विमानात जो होता तोही 19 वर्षांचाच, आणि तोही त्याच क्षणी गेला. मगीची कविता पुढे जगभर वाचली गेली. तिच्या ओळी त्याच्या थडग्यावरही कोरल्या आहेत. दुसऱ्याने कविता लिहून ठेवली नव्हती, म्हणून त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. त्या युद्धात ब्रिटनच्या एकट्या बाँबर दलाचे सुमारे 55,500 लोक मेले. त्यांतील 8,000 हून अधिक अपघातांत गेले. त्यांपैकी कितीकांची आठवण फक्त त्यांच्या आईनेच ठेवली असेल! परंतु प्रभूने दोन चिमण्या म्हटले, आणि त्यांतील एकही वगळली नाही. गाणारी व मुकी, असा भेद पित्यापाशी नाही.

आपल्या मंडळ्यांतही अशी मायबापे आहेत. कोणाचा मुलगा विहिरीत काम करता गेला, कोणाचा वाटेवर. त्याच्या नावाने दगड उभारला नाही, कोणी भाषण केले नाही. पुष्कळदा तर, दुःख उकरले जाईल ह्या भयाने, आपण त्याचे नाव घेणेही टाळतो. असे करू नका. येत्या प्रभुवारी उपासना आटोपल्यावर त्या घरी जा, त्या मातेजवळ बसा, आणि तिच्या मुलाचे नाव तिच्याच तोंडून ऐका. जे नाव पित्याने विसरले नाही, ते त्याच्या मंडळीनेही विसरू नये. आमेन.