दूर वाहून गेलेले कर्मफळ

कर्माचे फळ डोळ्यांसमोर उभे राहिले, तर त्यातील दोष मनुष्याला सहज उमगतो. परंतु तेच फळ शेकडो कोस वाहत जाऊन अनोळखी माणसांच्या पदरी पडले तर? ज्याचा हेतू निर्मळ आणि ज्याचा व्यवसाय धर्म्य, त्याच्या हातून नकळत घडलेली पीडा त्याची म्हणावी की नाही? हा प्रश्न आज जगातील मोठ्या नद्यांनीच विचारवंतांपुढे ठेवला आहे.

अमेरिकेतील मिसिसिपी नदी पाहावी. तिचे खोरे सुमारे ३० लाख चौरस किलोमीटर असून ३१ राज्यांतील पाणी तिला मिळते. या खोऱ्यात आयोवा, इलिनॉय इत्यादी राज्यांत मका व सोयाबीन यांची विस्तीर्ण शेते आहेत. पीक जोमदार यावे म्हणून शेतकरी नत्र व स्फुरद यांची खते घालतो. पिकाला हवे तेवढे पीक घेते. उरलेल्यापैकी पुष्कळसे पावसाच्या पाण्याबरोबर आणि शेताखाली पुरलेल्या निचऱ्याच्या नळ्यांतून ओढ्यांत, तेथून नदीत व अखेर मेक्सिकोच्या आखातात उतरते. नगरांचे सांडपाणीही त्यात मिसळते.

तेथे या पोषक द्रव्यांवर सूक्ष्म शैवाल माजते. ते मरून तळाशी जाते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. नदीचे हलके गोडे पाणी वर, समुद्राचे जड खारे पाणी खाली. त्यामुळे वरचा प्राणवायू तळापर्यंत पोचत नाही. दर उन्हाळ्यात तळाशी तो लिटरमागे २ मिलिग्रॅमहून कमी उरतो. मासे दूर पळतात; ज्यांना पळता येत नाही ते जीव गुदमरून मरतात. या मृत पट्ट्याची मोजणी १९८५ पासून होत आहे. २०१७ साली तो २२,७२० चौरस किलोमीटर भरला. तोवरच्या मोजण्यांत तो सर्वांत मोठा होता. शेताला जे अन्न, तेच अतिरेकाने सागराला विष झाले.

आता अपराधी कोणाला म्हणावे? कोणताही एक शेतकरी म्हणेल, ‘माझ्या शेतातून जाते ते किती?’ त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु असे लक्षावधी जण म्हणतात, म्हणूनच समुद्राचा श्वास कोंडतो. दोषाचे लक्ष वाटे केल्याने प्रत्येकाचा वाटा लहान होतो. शून्य होत नाही. सामुदायिक संकल्पाचेही तसेच होते. २०१५ पर्यंत हा पट्टा ५,००० चौरस किलोमीटरांच्या आत आणण्याचे २००१ साली ठरले; ते साधले नाही आणि मुदत २०३५ पर्यंत वाढवावी लागली. प्रत्येकजण दुसऱ्याच्या आरंभाची वाट पाहू लागला, की सर्वांचे कर्तव्य कोणाचेच राहत नाही.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे फळाचा विचार सोडणे नव्हे. परिणाम जाणून घेण्याची टाळाटाळ करणारा निष्काम नव्हे, केवळ बेफिकीर होय. उलट, जो शेतकरी पिकाची गरज पाहून बेतानेच खत देतो, ओढ्याच्या काठी गवताचा पट्टा राखतो आणि हिवाळ्यात जमीन उघडी न टाकता तीवर आच्छादनाचे पीक घेतो, त्याला आखातातील वाचलेला मासा कधीच दिसणार नाही. कोणी त्याचे आभारही मानणार नाही. तरीही तो ते करतो. लोकसंग्रहार्थ केलेले कर्म म्हणतात ते हेच.

मिसिसिपी दूर आहे, परंतु हा न्याय दूर नाही. स्नानाच्या वेळी सात नद्यांची नावे घेणाऱ्या गृहस्थाच्या मोरीतील पाणीही कोठल्या तरी ओढ्याला मिळते आणि त्याच्या शेतातील जादा युरियाही कोठेतरी वाहून जातो. शुद्धीकरणाच्या साध्या कारखान्यांतून गेलेल्या पाण्यातही नत्र व स्फुरद बऱ्याच अंशी शिल्लक राहतात. तेव्हा सरकारने कारखाना उभारला म्हणून गृहस्थ मोकळा झाला, असे होत नाही. नदीला माता म्हणणे सोपे आहे. तिच्या पदरात आपण काय टाकतो, हे रोज पाहणे अवघड आहे. परंतु मातृभक्तीची कसोटी या अवघड गोष्टीतच आहे.