आभार कोणाचे मानायचे?



अपघातातून माणूस वाचला, की घरातले कोणीतरी हटकून म्हणते, "देवानंच राखलं." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. जीव नुकताच भांड्यात पडलेला असतो आणि तोंडाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते. पण बौद्ध घरात हे वाक्य आता बसत नाही. बावीस प्रतिज्ञा घेऊन ज्यांनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, त्यांचे पोर ट्रकच्या चाकाखालून वाचले तर त्यांनी आभार कोणाचे मानायचे? शेजारी विचारतात, "तुम्हाला देवच नाही, मग तुम्ही हात कोणाला जोडणार?" प्रश्न कुत्सितपणे विचारलेला असेल, पण प्रश्न खरा आहे. तो टाळून चालणार नाही.

अपघाताच्या जागी काय घडते ते आठवून पाहा. रस्त्यावरचा भाजीवाला हातगाडी तशीच टाकून धावतो. एखादा रिक्षावाला सीट रक्ताने भरेल याची पर्वा न करता मुलाला आत घेतो. दवाखान्यात कोणी अनोळखी तरुण बाही वर करून रक्त द्यायला बसतो. इकडे शेजारीण घरातल्या धाकट्यांना आपल्या ताटात जेवू घालते, आणि कारखान्यातला एखादा मित्र आठ-आठ रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात चादर अंथरून काढतो. मूल बरे होऊन घरी येते. मग नारळ कोणाला फुटतो? देवाला! नवस फेडायला कर्ज काढून जेजुरीला गेलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. त्या चौकात परत जाऊन भाजीवाल्याला भेटलेली माणसे फार थोडी पाहिली.

तेव्हा कृतघ्न कोण? ज्याला देव नाही तो, की ज्याने माणसाचे आभार देवाच्या खात्यावर जमा केले तो?

आपण मंगलसुत्त म्हणतो. त्यात सांगितलेल्या मंगलांमध्ये 'कतञ्ञुता' हे एक आहे. शब्द पाली आहे, पण अवघड नाही. 'कत' म्हणजे केलेले. केलेले जो जाणतो तो कतञ्ञू, आणि जाणलेले जो बोलून, वागून दाखवतो तो कतवेदी. अंगुत्तर निकायात तथागतांनी जगात दुर्लभ अशी दोन माणसे सांगितली आहेत. एक, आधी होऊन दुसऱ्याचे भले करणारा. आणि दुसरा, हा कतञ्ञू-कतवेदी. या दोघांमध्ये तिसरा कोणी नाही. कोणी काय केले ते नीट पाहणे, येथून कृतज्ञता सुरू होते. मानणे नंतर, जाणणे आधी.

जाणणे किती कठीण असते, हे चाळीसगावच्या अपघातावरून कळते. ऑक्टोबर १९२९ ची ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मुंबई सरकारने नेमलेल्या समितीच्या कामासाठी ते खानदेशात गेले होते. धुळ्याच्या लोहमार्गावरील एका गावी अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. तेथल्या आपल्या लोकांनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला होता. महारवाडा स्टेशनपासून दोनेक मैलांवर, वाटेत नदी आणि तीवर दगडी फरशीचा कठडे नसलेला पूल. स्टेशनवर टांगे उभे होते, पण तासभर निघण्याची हालचाल दिसेना. अखेर एक टांगा आला. बाबासाहेब त्यात बसले, बाकीचे जवळच्या वाटेने पायी गेले. टांगा थोडे अंतर गेला तोच एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे पुलावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटले आणि बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा खाली नदीत पडले. बाबासाहेब बेशुद्ध होते. महारवाड्यातले लोक धावत आले आणि बायकामुलांच्या आक्रोशात त्यांना उचलून घेऊन गेले. पाय मोडला होता. कित्येक दिवस अंथरुणावर काढावे लागले.

नंतर कळले, की एकही टांगेवाला अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार नव्हता. पैसे घेऊन टांगा द्यायला एक जण राजी झाला, हाकायला मात्र नाही. आपला साहेब पायी चालत यावा, हे लोकांना सहन होईना. म्हणून त्यांच्यापैकीच एकाने लगाम हाती घेतला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. वाटेत तो घाबरला आणि घोड्यावरचा ताबा गेला.

आता सांगा, येथे आभार कोणाचे आणि दोष कोणाचा? ज्यांनी उचलून नेले, त्यांच्याच आग्रहाने आणि त्यांच्याच माणसाच्या हातून अपघात झाला. बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. आपल्या प्रतिष्ठेसाठी या लोकांनी आपला जीव धोक्यात घातला, हेही स्वच्छ लिहिले. पण लगाम धरणाऱ्या त्या बिचाऱ्याला त्यांनी शिव्याशाप दिलेले नाहीत. त्यांचे बोट गेले ते टांगेवाल्याच्या गर्वाकडे. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही स्वतःला उच्च समजणारा तो गर्व! प्रेम ते प्रेम, चूक ती चूक आणि अन्याय तो अन्याय. एकाच्या पांघरुणाखाली दुसरे झाकायचे नाही. आणि ज्याने भाडे घेऊन टांगा दिला, त्याने काही उपकार केले काय? वस्तू दिली, हात आखडता घेतला. पुलावरून ज्यांनी उचलले त्यांनी हात दिला.

'उपकार' म्हटले, की आपल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. तीही खोटी नाही. गावाने शिळा तुकडा वाढला आणि त्याच्या बदल्यात पिढ्या राबवून घेतल्या. वर ऐकवले, "आमच्या जिवावर जगता." त्या तुकड्यासाठी जोहार घालत आपले आजे-पणजे वाकले. म्हणून कोणी कृतज्ञतेचा उपदेश करू लागला, की आपले तरुण बिथरतात. बिथरावेच. हक्काबद्दल आभार मानायचे नसतात. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेताना कोणी नगरपालिकेचे आभार मानले नाहीत. तसेच जखमी माणसावर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, मग दवाखाना सरकारी असो वा खाजगी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले. दवाखान्यात आपल्या माणसाला खाट मिळाली तर "साहेब, लई उपकार झाले" म्हणून पाया पडण्याचे कारण नाही. पण त्याच दवाखान्यातली परिचारिका पाळी संपल्यावरही तासभर थांबून तुमच्या मुलाच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत राहिली, तर तो तास तिने तुम्हाला दिला आहे. तो जाणला पाहिजे.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडून होता. भिक्खू तुझी शुश्रूषा का करीत नाहीत, असे तथागतांनी विचारले. तो म्हणाला, मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही. तथागतांनी पाणी घातले, आनंदांनी त्याला धुतले, दोघांनी डोक्याकडून-पायांकडून धरून त्याला खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून सांगितले, की येथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची करावी. 'उपयोगाचा नाही' हे त्या भिक्खूचे शब्द मला विसरता येत नाहीत. देवाण-घेवाणीचा हिशेब तेथे संपला होता, आणि नेमकी तेथेच करुणा सुरू झाली.

एक नाजूक गोष्ट राहिली. तुम्हाला उचलणारा कधी अशा जातीचा निघतो, की त्या जातीच्या लोकांनी तुमच्या वस्तीचे पाणी तोडलेले असते. मग मन दोन्हीकडे ओढले जाते. त्या माणसाचे आभार मनापासून माना, त्याच्या घरी जा, चहा घ्या. पाण्याची फिर्याद मात्र मागे घेऊ नका. आभार त्याच्या जातीचे मानायचे नाहीत, त्याच्या दोन हातांचे मानायचे आहेत. आणि त्याच्या जातीचा राग त्या दोन हातांवर काढायचा नाही.

पुष्कळदा मदत करणारा निघून जातो. पूर्वी पोलिसांच्या चौकशीच्या धाकाने लोक जखमीला हात लावायला भीत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा मदतगाराला संरक्षण मिळाले आहे, आणि नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. चांगलेच झाले. पण मग त्याला शोधायचे कोठे? सारिपुत्त स्थविरांनी राध नावाच्या गरीब ब्राह्मणाने एकदा वाढलेले पळीभर अन्न लक्षात ठेवले होते आणि पुढे कोणी विचारीना तेव्हा भर संघात ते बोलून दाखवले. आपल्यालाही ते करता येईल. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर उभे राहा आणि कोणी काय केले ते सर्वांना सांगा. शेजारणीचे नाव घ्या, मित्राचे घ्या. रिक्षावाल्याचे नाव ठाऊक नसेल तर 'हिरव्या सदऱ्याचा, डाव्या हाताला बोट नसलेला' एवढे सांगा. वस्तीतले कोणीतरी त्याला ओळखत असेल.