गारठ्याची सवय

आमच्या माणमध्ये आयटी पार्क आला, तरी माझा एकरभर ऊस अजून उभा आहे. खोडकिडीसाठी मी ट्रायकोकार्ड आणतो. कागदाच्या त्या तुकड्यावर तांदळाच्या पतंगाची 18 ते 20 हजार अंडी चिकटवलेली असतात अन् प्रत्येकात ट्रायकोग्रामा नावाच्या इवल्या गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. माशी बाहेर पडली की किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, म्हंजे कीड जन्माआधीच संपते.

एका साली कार्ड आणलं अन् घरात लग्न निघालं. चार दिवस टिकावं म्हणून मी ते फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. नंतर पानांखाली बांधलं, तर एक माशी निघाली नाही.

एका जाणकारानं समजावलं. "खालच्या कप्प्यात, 10 अंशाच्या आसपास ठेवायचं होतं. ही माशी उबेत, 26-27 अंशात वाढलेली. जी थोड्या गारव्यात वाढते किंवा जिला हळूहळू गारव्यात नेतात, तिच्या अंगात गोठण्यापासून जपणारे पदार्थ साठतात. ती जास्त थंडी सोसते. पण गारठा लांबला तर तीही कमी निघते, पंख वाकडे होतात, अंडी कमी घालते."

हे ऐकून मला आधी बरंच वाटलं. मी पोरांना जन्मभर हेच सांगत आलो होतो, आम्ही गारठा सोसला म्हणून टिकलो. बारा वर्षांचा असताना वडील मला पौषातल्या रात्री दारं धरायला पाठवायचे. पायांत चप्पल नसायची, अंगावर फाटकं पोतं.

मग रात्री झोप लागेना. माझा धाकटा भाऊही त्याच पाण्यात उभा राहायचा. नऊ वर्षांचा होता. छातीत कफ भरून गेला. आम्ही टिकलो म्हणताना त्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. कार्डावर जी माशी निघते तीच आपण मोजतो. जी आतच मेली, तिला कुठं तोंड असतंय सांगायला?

वडलांना दोष देत नाही, त्यांच्याजवळ दुसरं पोतं नव्हतं. पण माझ्याजवळ होतं, तरी थोरल्याला मी तसाच पाठवला. ते सोसणं गरजेचं नव्हतं. ती माझी हौस होती.

यंदा फ्लॅटमधून नातू आला. म्हणाला, "आजोबा, मी येऊ दारं धरायला?" स्वेटर, कानटोपी घालून नेला. अर्ध्या तासात त्याचे हात गार पडले, तसा घरी आणला. दुसऱ्या रात्री तो आपणच तासभर थांबला.

थोरला दारात उभा राहून बघत होता. काही बोलला नाही. मीही नाही.