देवक जुळले, आता रक्त?

भोर-वेल्ह्याच्या मावळात सोयरीक जुळवताना आधी देवक विचारतात. कुणाचे कळंब, कुणाचे पंचपल्लव. दोन्हीकडचे देवक एकच निघाले की स्थळ कितीही पसंत असो, बोलणी थांबतात. ती घरे भावकीतली ठरतात. लग्नाआधी रक्ताचे नाते तपासण्याची रीत या डोंगरांत प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीची आहे.

आता प्रयोगशाळाही तेच विचारू लागली आहे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते, तेवढ्याने लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत देबोज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाने हे अक्षर पकडणारी क्रिस्पर चाचणी विकसित केली. जनुक-संपादनातले कॅस-9 प्रथिन इथे काहीही दुरुस्त करत नाही, फक्त ओळख पटवते, आणि कागदी पट्टीवर रेघ उमटते. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचे नाव मिळालेल्या या 'फेलुदा'ला सप्टेंबर 2020 मध्ये मंजुरी मिळाली ती मात्र कोविडसाठी. नमुन्यातला डीएनए आधी यंत्रात वाढवावा लागतो, त्यामुळे तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीत निव्वळ पट्टी नेऊन भागणार नाही.

पण रेघ उमटली, की पुढे काय?

घरातली म्हातारी माणसे विचारतात, हे कोणत्या जन्मीचे पाप? विज्ञानाकडे याचे उत्तर आहे, आणि ते थक्क करणारे आहे. हे अक्षर एकाच पालकाकडून आलेले असेल, तर ते मूल फक्त वाहक ठरते, बहुधा निरोगी राहते आणि जीवघेण्या मलेरियापासून बरेच सुरक्षित असते. म्हणूनच मलेरियाच्या मुलखात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. ज्याला घराण्याचा शाप म्हटले, त्यानेच पूर्वजांची लेकरे जगवली. पूर्वसंचित मानायचेच असेल तर त्यात हे पुण्यही मोजावे लागेल.

1 जुलै 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. गडचिरोली, नंदुरबारसारखे जिल्हे हा आजार फार आधीपासून सोसत आले आहेत. तपासणीनंतर कार्ड मिळते आणि लग्नाआधी दोघांनी ते ताडून पाहावे, अशी अपेक्षा असते. दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारांत एक शक्यता आजारी मुलाची. हे कळण्याचा हक्क त्या दोघांचा आहे, आणि निर्णयही त्यांचाच.

देवक मांडवात सर्वांसमक्ष पुजले जाते. रक्ताचा अहवाल तसा चारचौघांत वाचला, तर कमीपणा मुलीच्याच वाट्याला येईल. वास्तविक नवऱ्या मुलाच्या हिमोग्लोबिनमध्ये कोणताच दोष नसेल, तर वाहक मुलीच्या पोटी सिकलसेलचे बाळ जन्मत नाही. तिला नाकारायला कारणच उरत नाही. गावातल्या आशा सेविकेने हे आधी त्या मुलीला एकटीला गाठून सांगावे, बैठक बसण्यापूर्वी.